पोचे आलेली भांडी आणि आमचे व्याही

नव्या कोऱ्या भांड्यांचा मनापासून तिटकारा करणारा साऱ्या मावळ तालुक्यात एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा व्याही आहे. दिवाळीच्या आधी तळेगावात भांड्यांच्या दुकानापुढे लोक थांबतात, आत डोकावतात, ताट उलटं करून त्यावर टिचकी मारून बघतात. आमचे व्याही त्या दुकानावरून मान खाली घालून झपझप पुढे निघून जातात. एकदा बरोबर असताना मी कारण विचारलं, तर म्हणाले, "सगळी सारखी हो, सर. एकालाही अजून काही झालेलं नाही." मी लोणावळ्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. काही झालेलं नसणं हा भांड्याचा दोष असू शकतो, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्यांना आवडतात ती पोचे आलेली पातेली, कान तुटलेले कप, टवके उडालेल्या बशा, मूठ करपलेल्या कढया आणि दांडा हलणारे झारे. आणि आवडतात म्हणजे नुसती आवडत नाहीत, ते ती जलरंगात काढतात. अगदी हुबेहूब. पातेल्याला सात पोचे असतील तर चित्रात सातच असतात, आठवा शोभेसाठी टाकत नाहीत आणि सातवा कंटाळून सोडत नाहीत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं त्यांच्या घरी मानतात. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात ते तीस-एक वर्षं तपासनीस होते. समोर येणारा सुटा भाग हातात घ्यायचा, दिव्याखाली फिरवायचा, केसाएवढा जरी ओरखडा दिसला तरी लाल डब्यात टाकायचा, हे त्यांचं काम. ते इतकं अंगात मुरलं होतं की घरी जेवायला बसले तरी पोळी आधी दोन्ही बाजूंनी बघायचे आणि मगच मोडायचे. निवृत्त झाले, त्या आठवड्यात त्यांनी रंगांची पेटी आणली, पहिलं चित्र काढलं ते घरातल्या चेपलेल्या तांब्याचं, आणि तेव्हापासून त्यांच्या घरातली एकही जुनी वस्तू भंगारात गेलेली नाही. त्यांच्या सौभाग्यवती फार कमी बोलतात, पण बोलतात तेव्हा मुद्द्याचं बोलतात. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "तीस वर्षं ज्या ओरखड्यांना लाल डबा दाखवला, त्या सगळ्यांची माफी मागत बसलेत."

त्यांची आणि आमची पहिली भेट मुलांच्या लग्नाच्या निमित्तानं झाली. आमची रेवा आणि त्यांचा मुलगा पुण्यात एकाच ऑफिसात होते आणि एकमेकांना पसंत करून मोकळे झाले होते. उरला होता तो मोठ्यांनी एकमेकांना पाहण्याचा कार्यक्रम. त्यासाठी मंडळी लोणावळ्याला आमच्याकडे आली. पोहे झाले, चहा झाला, माझ्या मेहुण्यांनी दोन्हीकडची गावं आणि आडनावं जुळवून पाहिली. सगळे बोलत होते आणि व्याही तेवढे गप्प होते. ते बसले होते त्या खुर्चीवरून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं आणि त्यांची नजर तिथून हलत नव्हती. माझ्या बायकोला वाटलं, यांना पोहे आवडले नाहीत. मला वाटलं, यांना आम्ही आवडलो नाही. शेवटी निघायच्या वेळी ते घसा साफ करून म्हणाले, "आमची एक मागणी आहे."

मेहुण्यांनी हातातली बशी खाली ठेवली. अशा प्रसंगी कामी यावेत म्हणूनच आम्ही त्यांना बोलावलं होतं. होणाऱ्या जावयानं मात्र डोळे मिटून घेतले, कारण वडील काय बोलणार हे त्या खोलीत त्याला एकट्याला माहीत होतं.

"ओट्यावरची ती सांडशी आठ दिवस मिळेल का?" व्याही म्हणाले.

ती सांडशी आमच्या लग्नातली. तिचा एक पाय वाकडा होता आणि मधली खीळ ढिली झाल्यामुळे बायकोनं तिला तांब्याची तार गुंडाळली होती. पाहुणे येणार म्हणून ती ड्रॉवरमध्ये लपवायची ठरलं होतं, पण चहाच्या गडबडीत राहून गेलं. बायकोनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि पुढचे बारा दिवस आम्ही फडक्यानं पातेली उतरवली. बाराव्या दिवशी सांडशी परत आली आणि तिच्यासोबत तिचं चित्र. चित्रातल्या तारेचे वेढे बायकोनं बोटानं मोजले, मग खऱ्या सांडशीचे मोजले, आणि पुन्हा एकदा चित्रातले मोजले. रेवानं पुढे आम्हाला सांगितलं की त्या दिवशी घरी जाताना गाडीत व्याही एवढंच म्हणाले होते, "तार फार नीट गुंडाळली आहे. या घरातली मुलगी चांगलीच असणार." मुलीला त्यांनी नीटसं पाहिलंसुद्धा नव्हतं.

लग्न जुन्या हायवेवर, कार्ल्याच्या अलीकडच्या एका कार्यालयात झालं. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला गेला आणि मुलाचे वडील जागेवर नाहीत असं भटजींच्या लक्षात आलं. शोधाशोध झाली. ते मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या चुलीशी सापडले. एका हाताच्या मुठीत अक्षता घट्ट धरलेल्या आणि समोर जिलब्यांची एवढी थोरली कढई. तिच्या काठावर वर्षानुवर्षांच्या तेलाचे थर साचून मधासारखा रंग आला होता, तो ते वाकून बघत होते. आचारी बिचारा हवालदिल झाला होता. त्याला वाटलं होतं, वरपक्षाकडून तक्रार आली. व्याह्यांनी त्याला विचारलं, "ही कधी घासत नाही ना तुम्ही?" तो घाईघाईनं म्हणाला, रोज घासतो साहेब, रोज. त्यावर व्याह्यांचा चेहरा पडला. मग त्यांना दंडाला धरून मांडवात आणलं तोवर शेवटचं कडवं चाललं होतं, आणि मुठीतल्या सगळ्या अक्षता त्यांनी एकदमच टाकल्या.

पुढच्या पावसाळ्यात नव्या जोडप्यासकट आम्ही सगळे भुशीच्या धरणावर गेलो. भुशीला पावसाळ्यात लोक काय बघायला येतात ते सांगायला नको. पायऱ्यांवरून पाणी खळाळत होतं, त्यात माणसं ओळीनं बसली होती, धुकं एवढं की समोरचा डोंगर आहे की नाही याची शंका यावी. तासाभरानं आम्ही ओलेचिंब होऊन परत आलो तर व्याही एका छत्रीखाली बसून कणसं भाजणाऱ्या बाईची शेगडी काढत होते. शेगडी म्हणजे पत्र्याचा डबा कापून केलेली, एका बाजूनं गंजून जाळीसारखी झालेली. ती बाई आधी हसली होती, मग गंभीर झाली, आणि आम्ही पोचलो तेव्हा कणसं पाटीत भरायला लागली होती. मला बघून म्हणाली, "दादा, हे भाऊ तुमचं हायती का? नगरपालिकेचं न्हाईत न्हवं? तासभर झालं, माजी शेगडी लिवून घेत्यात." मी तिची समजूत घातली, चित्र दाखवलं. तिनं ते पाहिलं, मग शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आगं बाई, लय फाटलीय की ही. मला ठावंच न्हवतं." आम्ही सगळे हसलो. व्याही हसले नाहीत. ते खाली बघून गंजाचा तांबूस रंग पुन्हा एकदा कालवत होते.

त्यांच्या कामाचे नियम फार कडक. वस्तू जिथे असेल तिथेच राहिली पाहिजे. ती कोणी उचलायची नाही, पुसायची नाही, तिच्यावरून फडकं फिरवायचं नाही. पेटीत पांढरा रंग नाही. चकाकी दाखवायची तर तेवढा कागद कोरा सोडायचा आणि चुकून ब्रश लागला तर चित्र पहिल्यापासून. पेटीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. आणि एक रंग पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, हा नियम तळेगावात ठीक आहे, पण लोणावळ्यात जुलै महिन्यात कागद वाळवायचा म्हणजे तपश्चर्या आहे. आमच्याकडे त्या दिवसांत पापड मऊ पडतात, आगपेटी पेटत नाही, कपाटातले बूट हिरवे होतात. व्याह्यांनी एकदा सकाळी दहाला आमच्या किसणीच्या चित्राला करडा रंग लावला, तो दुपारी तीनलाही ओलाच. मग बायकोनं तवा कोमट करून त्यावर ताट उपडं घातलं, ताटावर कागद ठेवला आणि पोळीवर ठेवावं तसं लक्ष ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरी चित्रं शेकून मिळतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका श्रावणात माझी बायको मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बराच काळ अंथरुणातच राहायचं. पुढच्या खोलीत तिची खाट टाकली. स्वयंपाकघर तिथून दोन भिंतींपलीकडे. चौतीस वर्षं जिथे तिच्याशिवाय पान हललं नाही, तिथे आता कार्ल्याहून येणाऱ्या शालनमावशी वावरू लागल्या. शालनमावशी बाई चांगल्या, हाताला चव होती, पण बायकोला खाटेवरून फक्त भांड्यांचे आवाज ऐकू येत आणि त्या आवाजांवरून ती अंदाज बांधत राही. पहिले आठ दिवस तिनं सगळ्यांना रागावून घेतलं. नवव्या दिवशी रागावणं थांबलं, तेव्हा मी घाबरलो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. रेवा यायची, शेजारणी यायच्या, फळं आणायच्या. ती बरं म्हणायची आणि परत भिंतीकडे वळायची.

व्याही भेटायला आले तो गुरुवार होता. आजारी माणसाशी काय बोलावं हे त्यांना मुळीच कळत नाही. ते खुर्चीवर अवघडून बसले, दोनदा पावसाबद्दल बोलले, एकदा औषधांची नावं विचारली आणि मग पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. बऱ्याच वेळानं बायको भिंतीकडे बघतच म्हणाली, "काय अवस्था असेल स्वयंपाकघराची, कोण जाणे." व्याही उठले, पेटी उचलली आणि आत गेले. तीन तास बाहेर आले नाहीत. आले ते हातात शेकलेला कागद घेऊन. दुधाचं पातेलं होतं त्यावर. ओट्यावर, नेहमीच्या जागी, मागे फुटलेली फरशी, खिडकीतून येणारा पावसाळी उजेड, सगळं जसंच्या तसं. त्यांनी तो कागद तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिनं चष्मा मागितला. मला वाटलं, आता हिला रडू येणार.

"शालनला बोलवा," ती म्हणाली. शालनमावशी पदराला हात पुसत आल्या. बायकोनं चित्रातल्या पातेल्याच्या आतल्या कडेकडे बोट दाखवलं. "साय चिकटलेली आहे इथे. कालची आहे. हाताला लागत नाही का घासताना?"

शालनमावशींनी वाकून पाहिलं. मग त्या बायकोऐवजी व्याह्यांकडे वळल्या. "ऱ्हायली आसंल जराशी, व्हय. पन भाऊ, ती बी काढायची व्हती का?"

व्याही मनापासून म्हणाले की ती होती म्हणून तर पातेलं काढलं.

त्या दिवसापासून दर गुरुवारी व्याही तळेगावहून लोकलनं येऊ लागले आणि माझी बायको चित्रांवरून स्वयंपाकघर चालवू लागली. मिठाच्या बरणीच्या चित्रावरून तिनं झाकण उघडं राहतं हे ओळखलं. मिसळणाच्या डब्याच्या चित्रावरून हळद संपत आली हे सांगितलं. फोडणीच्या पळीचं चित्र पाहून म्हणाली, गॅस फार मोठा ठेवते ही. शालनमावशी बुधवारी सकाळपासूनच कामाला लागायच्या. "उद्या गुरवार हाय, भाऊ येत्याल," असं म्हणत त्या अख्खं स्वयंपाकघर लख्ख घासून काढायच्या, आणि गुरुवारी व्याही आत जाऊन हिरमुसून बाहेर यायचे. सगळं रिजेक्ट, म्हणायचे, एकही डाग ठेवला नाही. मग ते शालनमावशींना विनवायचे की निदान एक भांडं तरी माझ्यासाठी तसंच ठेवत जा. त्या म्हणायच्या, "तुमी म्हंता ठेव, ताई म्हंत्यात घास. आमी आयकायचं कुनाचं?" या भांडणात माझी बायको खाटेवर पडल्या पडल्या इतकी रंगून जाई की तिचं भिंतीकडे वळणं कधी बंद झालं ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

पाऊस सरता सरता त्यांनी गॅसची शेगडी कागदावर काढायला घेतली. शेगडीवर उतू गेलेल्या चहाचे कैक वर्षांचे डाग होते आणि ते शालनमावशींनाही हार गेले नव्हते, त्यामुळे व्याही खुशीत होते. दोन गुरुवार ते ओट्यासमोर स्टुलावर बसून होते. तिसऱ्या गुरुवारी चित्र पुरं झालं. बायकोनं ते नेहमीसारखं वरून खाली तपासलं. डाग बघितले, बर्नर बघितले, आणि मग शेगडीतून निघून ओट्याखाली वळणाऱ्या केशरी नळीपाशी तिचं बोट थांबलं.

"भाऊ, ही रेघ कसली?" तिनं विचारलं. "नळीच्या वळणावर. बारीक, काळी."

व्याह्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत असली बारीक रेघ त्यांना कोणी विचारली नव्हती. ते खुर्ची पुढे ओढून सांगू लागले की ती सगळ्यात बारीक ब्रशाच्या शेवटच्या टोकानं, श्वास रोखून मारली आहे. तो तडा आहे. तिथे रबर थोडं उघडलंय आणि आतला रंग वरच्यापेक्षा फिका आहे, तो साधायला एक अख्खी दुपार गेली.

"मनानं नाही ना काढलीत?"

"ताई, मी मनानं काहीच काढत नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, जा. आधी रेग्युलेटर बंद करा."

मी धावत आत गेलो. शालनमावशी पोळ्या लाटत होत्या, तवा तापलेला होता. मी रेग्युलेटर फिरवला आणि ओट्याखाली वाकून बघितलं. चित्रात होता तिथेच, चित्रात होता तेवढाच तडा होता. बोटानं नळी जरा वाकवली तर तो उघडला. दुपारी गॅसचा माणूस आला, नळी बदलली, जुनी उलटसुलट करून पाहिली. अजून आरपार गेला नव्हता, म्हणाला, पण आठ-पंधरा दिवसांत... आणि त्यानं वाक्य अर्धंच ठेवलं. मग हे कोणाच्या लक्षात आलं म्हणून विचारलं. शालनमावशी म्हणाल्या, "चित्रात दिसलं." त्यानं आमच्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि आपली पिशवी आवरली.

या सगळ्या वेळात व्याही पुढच्या खोलीत पेटी मांडीवर घेऊन बसले होते. चहा समोर निवून गेला. नेहमीच्या गाडीच्या आधीच ते उठले आणि कोणाचा निरोपही न घेता निघून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बायको गुरुवारी सकाळपासून दाराकडे कान लावून असायची. शेवटी तिनं मला तळेगावला पाठवलं.

त्यांच्या सौभाग्यवतींनी दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. म्हणाल्या, ब्रश धुऊन, पुसून कपाटात ठेवलेत, कपाटाला कुलूप घातलंय. व्याही खिडकीशी बसले होते. भिंतींवर त्यांचीच चित्रं, चेपलेली, चिरलेली, गंजलेली भांडी ओळीनं. मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तो दिसला होता, सर. दोन गुरुवार मी त्याच्यासमोर बसलो. शालनमावशी तिथे उभ्या असायच्या, पलीकडे ताई, त्यांना तर उठताही येत नव्हतं. आणि मी मनात म्हणत होतो, काय सुंदर तडा आहे. कारखान्यात असतो तर क्षणात लाल डब्यात टाकला असता."

मी खिशातून फोन काढला, बायकोला लावला आणि त्यांच्या हातात दिला. मला इकडचं तेवढं ऐकू येत होतं. नाही ताई, ते म्हणत होते. हो. नाही, तसं नाही. हो ताई. मग बराच वेळ नुसतंच ऐकत राहिले. ती काय बोलली ते तिनं मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "आम्ही सगळे दिवसातून दहादा त्या नळीपाशी जात होतो, कोणाला दिसली नाही. तुम्ही पाहिलीत म्हणून मी पाहिली. फक्त सांगायचं राहिलं तुमचं, ते यापुढे सांगत जा. आणि गुरुवारी या. शालननं तुमच्यासाठी एक पातेलं तीन दिवस घासलेलं नाही."

गुरुवारी ते आले ते पेटीबरोबर विजेरी घेऊन. आधी त्यांनी सबंध घराची तपासणी केली. बटणं, वायरी, बाथरूमची फरशी, खाटेचे पाय, मागच्या अंगणातलं शेवाळ, माझ्या चपलेचा निघालेला अंगठा. कारखान्यातल्यासारखा कागद भरला आणि माझ्या हातात दिला. अकरा गोष्टी रिजेक्ट. मी त्या सगळ्या दुरुस्त करीन असं कबूल केल्यावरच ते शालनमावशींच्या पातेल्यापुढे बसले. दिवाळीत बायको वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. व्याही तेव्हा आत कुकरच्या शिट्टीचं चित्र काढत होते. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि त्यांनी मान वर न करता तिला सांगितलं, "ताई, जरा उजेडातून बाजूला व्हा."

याला आता दोन वर्षं होतील. बायको काठी घेऊन हिंडते-फिरते, शालनमावशी सकाळच्या पोळ्यांपुरत्या येतात, आणि स्वयंपाकघर बघायला चित्रांची गरज कोणाला राहिलेली नाही. तरी गुरुवार चालूच आहे. या हिवाळ्यात एका गुरुवारी ते फुलपात्र काढत होते. फुलपात्राची वरची गोल कड म्हणजे त्यांच्या हातचा मळ, पण त्या दिवशी त्यांनी कागद फाडला. मग दुसरा, मग तिसरा. आमच्या घरात त्यांनी कागद फाडलेला मी प्रथमच पाहिला. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला निघालो, तेव्हा वाटेत त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला. बोटं आपोआप हलत होती. "कड येत नाही, सर," ते म्हणाले. "ऐकत नाही हात." डॉक्टरांना दाखवलं होतं, औषध चालू होतं, कमी होईल असं कोणी म्हटलं नव्हतं. गाडी आली. मी पेटी त्यांच्या मांडीवर नीट ठेवली आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती काठी टेकत एकटीच बाजारात गेली. आली ती कोथिंबिरीची जुडी घेऊन, मुळांना माती लागलेली. व्याही आल्यावर तिनं ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, आज हे काढा."

"भाजी मी काढत नाही, ताई. ताजी असते ती."

"संध्याकाळपर्यंत सुकेल."

त्यांनी जुडीकडे पाहिलं. कोथिंबिरीला कुठेही सरळ कड नव्हती, एकही रेघ अशी नव्हती की जी जरा हलली तर बिघडेल. त्यांनी तिच्याकडेही एकदा पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांना सगळं कळलं. मग स्टूल ओढून बसले. दुपारपर्यंत पानं खाली झुकू लागली तसा त्यांनी दुसरा कागद घेतला, आणि पिवळी पडणारी कडेची पानं काढता काढता ते चक्क गुणगुणायला लागले. तवा कोमट करून बायको शेजारी उभी होती.

काम आवरताना तिनं विचारलं, "पुढच्या गुरुवारी काय आणू?"

त्यांनी बराच विचार केला. "मेथी चालेल. पण सुकायच्या आत माझ्याच्यानं होईलच, असं नाही सांगता येत."

"नाही झालं तर दुसरी जुडी आणू," ती म्हणाली. "बाजार कुठे पळून जातोय?"

ते मान हलवून ब्रश पुसत राहिले, एकेक केस सरळ करावा तसे, सावकाश. मी घड्याळ पाहिलं. त्यांची लोकल केव्हाच निघून गेली होती. आम्हा तिघांपैकी कोणीच तिचं नाव काढलं नाही.